हिरव्या काचेचे ग्लास

ताई, तुझे हिरवे ग्लास मी पुन्हा मोरीच्या वरच्या फळीवर, तुझ्याच जागी, उपडे घालून ठेवले आहेत. मधले काही दिवस ते तिथे नव्हते. ते कपाटात कसे गेले, ते तुला सांगायचं आहे. तू असतीस तर चारचौघांत विचारलं नसतंस. लोक उठून जाईपर्यंत थांबली असतीस आणि मग पदराला हात पुसत म्हणाली असतीस, "एली, जरा बस." तेवढ्यावर मला घाम फुटायचा. आता तसं म्हणणारं कुणी उरलं नाही, म्हणून आपणहून येऊन बसलो आहे. नरपडच्या तुझ्या स्वयंपाकघरात, तुझ्या त्या बुटक्या स्टुलावर. साठीच्या माणसाने या स्टुलावर बसू नये, गुडघे हनुवटीला लागतात.

तुला जाऊन अजून महिना व्हायचा आहे. ठाण्याला, आपल्या ज्यू लोकांच्या दफनभूमीत, आईच्या जवळच तुला जागा मिळाली. कफन तू स्वतःच शिवून ठेवलं होतंस, वर डांबरगोळ्याही टाकल्या होत्यास. साधं पांढरं सुती, टाक्यांना गाठ नाही, खिसा नाही. ते शिवत होतीस तेव्हा मी इथेच दारात उभा होतो. खिसा नाही तर तिकडे चिकूचा भाव लिहिलेली चिठ्ठी कुठे ठेवणार, असं मी म्हणालो होतो. "ती तू ने, तुला हौस आहे," असं म्हणून तू दोरा दातांनी तोडलास.

त्याच दिवशी तू मला ती जुनी हकिकत सांगितलीस. एके काळी आपल्यात मयताचं कापड इतकं महाग घ्यायची चाल पडली की गरीब घरातली माणसं मरणापेक्षा कफनालाच घाबरायला लागली. प्रेत टाकून पळून जायची म्हणे. मग एका थोर आणि चांगल्या गडगंज गुरूने सांगून ठेवलं, मला साध्या तागाच्या कापडात पुरा. त्याला तसं पुरल्यावर साध्या कापडाची कुणालाच लाज उरली नाही. तेव्हापासून आपण सगळे एकाच कपड्यात जातो. माझ्या हातात तेव्हा मोबाईल होता आणि मी बाजारभाव बघत होतो. अर्धंच ऐकलं असेल असं वाटलं होतं, पण बघ, सगळं लक्षात राहिलंय. लक्षात राहणं ही माझी अडचण कधीच नव्हती.

आपल्या वडिलांनी, नानांनी, आपल्याकडून प्रार्थना घोकून घेतल्या. रेल्वेची ड्युटी संपवून आले की डबा बाजूला ठेवायचे आणि "शमा म्हणा" म्हणायचे. अर्थ सांगायला त्यांना सवड नव्हती, बहुतेक येतही नव्हता. अर्थ मला तू दिलास. झरीच्या आश्रमशाळेत मुलांना बेरीज-वजाबाकी शिकवून शुक्रवारी संध्याकाळी घरी यायचीस, दिवा लावायचीस, आणि शनिवारभर हात न हलवता नुसती बोलायचीस. तुझं शास्त्र तसं छोटंसं होतं. तुझ्या मते त्याचं निम्मं तरी एकाच गोष्टीसाठी होतं, दुसऱ्याला लाज वाटायची वेळ आपल्यामुळे येऊ नये. एखाद्याचा चेहरा चारचौघांत पांढराफटक पाडलास तर त्याचं रक्तच सांडलंस, असं आपले जुने हाखाम, धर्मपंडित, मानायचे, हे तू सांगितलंस तेव्हा मी दहा-बारा वर्षांचा असेन. मी विचारलं होतं, मग मास्तरांचे हात किती रक्ताने भरले असतील? तू स्वतः मास्तरीण, पण हसली नाहीस. "म्हणून तर मी वर्गात जपून बोलते," म्हणालीस.

आणि मग ते ग्लास. डहाणूच्या बाजारातून तू ते आणलेस तेव्हा मी चेष्टा केली होती. जाड, हिरवे, आत बुडबुडे राहिलेले, मांडवात सरबत फिरवतात तसले. तू मला बसवून सांगितलंस. पूर्वी आपल्यात शोकाच्या घरी भेटायला आलेल्यांना काहीतरी प्यायला द्यायचे. मोठ्यांना पांढऱ्या स्वच्छ काचेतून आणि गरिबांना रंगीत काचेतून, कारण तेव्हा रंगीत काच स्वस्त मिळायची. दुःखाच्या घरात आलेला माणूस, हातातला ग्लास बघून त्याला आपली जागा कळायची. मग वडीलधाऱ्यांनी ठरवलं की यापुढे सगळ्यांनाच रंगीत काचेतून. "पांढऱ्यातून सगळ्यांना द्या असं नाही ठरवलं, एली. ते गरिबांच्या घरी कुठून आणणार? म्हणून श्रीमंतांनी खाली यायचं." त्यानंतर या घरात दुसरी काच आली नाही. तहसीलदार आले तरी हिरवा ग्लास, नारळ उतरवणारा आला तरी हिरवा ग्लास, आणि लखमीलाही हिरवाच.

लखमीचं काय सांगू तुला, तूच तिला आणलीस. झरीची. आश्रमशाळेत स्वयंपाकाला होती, तू निवृत्त झालीस तशी तुझ्या मागे नरपडला आली. इथल्या झाडांचं बघायची, तुझं बघायची, सणासुदीला आपल्या घरी जायची. शनिवारी तू तिलाही काम करू देत नव्हतीस. घरच्या माणसाला, कामाच्या बाईला, बैलालासुद्धा त्या दिवशी विसावा, असं शास्त्र सांगतं, हे तू तिला सांगितलंस तेव्हा ती म्हणाली होती, "मंग बैलाचा आन माझा एकच वार झाला." किती हसला होतात दोघी. मी मात्र शनिवारी तिला वाडीत चिकू उतरवायला बोलावून बघितलं होतं. तुझा शब्बाथ आहे, तिचा थोडाच आहे, असा माझा हिशेब होता. तू नाही म्हणालीस आणि मी आठवडाभर फुगून बसलो.

आपले वाद कधी संपलेच नाहीत. माझ्या चिकूच्या वखारीतल्या खिडकीवरून झालेला तर नाहीच नाही. पेट्या भरणाऱ्या बायांचे ग्लास मागच्या खिडकीत उपडे ठेवलेले असायचे आणि व्यापाऱ्यांसाठी आत कपबशा. तू आलीस की सरळ खिडकीतला ग्लास उचलून त्यात चहा ओतून घ्यायचीस. एक अक्षर बोलायची नाहीस. वखार रिकामी झाली की मग सुरू.

"त्यांनाच ते बरं वाटतं, ताई. आत बोलावलं तर अवघडतात."

"त्यांना विचारलंस?"

"असं कुणी विचारतं का?"

"मग तुला कसं कळलं?"

यावर मी जगाचे व्यवहार, गिऱ्हाइकं, इथली रीत असं बरंच काही सांगायचो. आपण या मुलखात मूठभर लोक, आपणच कशाला वेगळं वागून दाखवायचं, असंही एकदा म्हणालो. तेव्हा तुझ्या कपाळावर आठी आली होती. "आपण मूठभर आहोत म्हणून तरी आपल्याला कळायला हवं," म्हणालीस आणि नरपडची रिक्षा पकडलीस. ते ग्लास खिडकीतच राहिले.

दुसरा वाद दरवर्षीचा. दारफळणीचा उपास, दारं लावून घेऊन देवापुढे बसायचा आपला मोठा उपास, जवळ आला की तू माणसांची माफी मागत फिरायचीस. देवाचं देव बघेल, पण माणसाचं मन दुखावलं असेल तर ते देवालाही माफ करता येत नाही, ज्याचं दुखावलं त्याच्याकडेच जावं लागतं, हे तुझं पक्कं. एकदा नाही ऐकलं तर पुन्हा, तीन वेळा जायचं. मी म्हणायचो, ठीक आहे, तीन वेळा गेलो की मी सुटलो. तुला ते अजिबात पटायचं नाही. तीनची मोजणी समोरच्यासाठी आहे, त्याने मन किती घट्ट करावं याची, तू कशाला मोजतोस, असं तू म्हणायचीस. मी म्हणायचो, नियम म्हणजे नियम. दरवर्षी वाद इथपर्यंत यायचा आणि उपासाची वेळ व्हायची.

आता त्या दिवसाचं सांगतो.

मातीनंतर सात दिवस तुझ्याच घरी बसायचं ठरलं, कारण मुंबई-ठाण्याची माणसं भेटायला इथेच यायची होती. तिसऱ्या दिवशी सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवणारे हज्जनसाहेब आले, कद्दिशसाठी, मयतामागच्या प्रार्थनेसाठी, लागणारे दहा पुरुष जमवून घेऊन आले. दोन गाड्या भरून माणसं. सकाळी मी इथे आलो आणि फळीवर बघितलं. हिरवे ग्लास. एकाचा कडेला टवका उडालेला. मला कसंसंच वाटलं. एवढी मोठी माणसं येणार, त्यांच्या पुढे हे काय ठेवायचं? बायकोला, साराला, मी घरून कपबशा आणायला सांगितल्या, सोनेरी काठाच्या, आमच्या धाकट्या मुलीच्या लग्नातल्या. आणि तुझे ग्लास एकेक करून, टवका उडालेल्यापासून सुरुवात करून, मी कपाटात खाली ठेवले. वर एक टॉवेलही टाकला. ताई, टॉवेल कशाला टाकला असेन मी? कपाट तर बंदच होतं.

लखमी झरीहून तिच्या भावाला आणि सुनेला घेऊन आली होती. शेवटचे चार महिने तुझं सगळं तिने केलं. तुला उठवणं, न्हाऊ घालणं, रात्री कूस बदलून देणं. मी एक दिवसाआड यायचो, खुर्चीत बसायचो आणि निघताना तिला म्हणायचो, काही लागलं तर फोन कर. ती तिघं आली ती पडवीत बसली. आत या असं मी म्हटलं नाही. बसू नका असंही म्हटलं नाही. माझ्या लक्षातच आलं नाही, आणि हे जास्त वाईट आहे. शोक करणाऱ्याने जमिनीवर बसायचं असतं आपल्यात. मी जमिनीवरच बसलो होतो, चांगल्या जाड गादीवर. लखमी शहाबादी फरशीवर बसली होती.

साराने आतून विचारलं, "बाहेर कशातून देऊ?"

मी म्हणालो, "कागदी आहेत ना."

एवढंच. वखारीत रोज म्हणतो तसं.

शोकाच्या घरी आधी तोंड उघडायचं ते घरच्याने, पाहुण्याने वाट बघायची, ही आपली रीत. त्यामुळे बोलायला मला मोकळं रान होतं. मी बोललो. तुझी शाळा, तुझे शनिवार, तुझं कफन. माणसं ऐकत होती, बायका डोळे पुसत होत्या आणि मला, कसं सांगू, मला ते आवडत होतं. म्हणून मग मी ग्लासांची गोष्ट काढली. चांगली सांगितली. तुझ्यासारखे मध्ये थांबे घेत सांगितली. पांढरी काच, रंगीत काच, दुःखाच्या घरात आलेल्या गरिबाला हातातल्या ग्लासावरून कळणारी आपली जागा. आणि शेवटी, माझ्या ताईच्या घरात आयुष्यभर सगळ्यांना एकच ग्लास होता, असं म्हणताना मी डोळ्यांना रुमालही लावला. खोटा नव्हता लावला, ताई. तेवढं तरी मानशील.

हज्जनसाहेब भले माणूस आहेत. त्यांनी अगदी सहज, हातातली सोनेरी काठाची कपबशी गुडघ्यावर सावरत विचारलं, "ते ग्लास आहेत का अजून? बघायला आवडतील."

मी दाराकडे बघितलं. का ते माहीत नाही, उत्तर शोधायला माणूस कुठेतरी बघतोच. पडवीत लखमी बसली होती, दोन्ही हातांत कागदी कप धरून. कप कडेने दुमडत होती. तिने सगळं ऐकलं होतं. ती माझ्याकडे बघत नव्हती, आवारातल्या झाडांकडे बघत होती. माझं बघून हज्जनसाहेबांनी बाहेर बघितलं, मग त्यांच्या शेजारच्याने. मग खोलीत कुणीच कुणाकडे बघेना. चेहरा पांढरा पडणं म्हणजे काय ते कळायला मला साठ वर्षं लागली.

कुणी काही बोललं नाही. सगळे तुझ्याच शास्त्रातले. हज्जनसाहेबांनी कपातला उरलेला चहा संपवला आणि म्हणाले, "सारा, चहा छान झालाय." मग त्यांनी मिशीवरून हात फिरवत माझ्या मुलांची चौकशी केली. मला वाचवलं त्यांनी. कुणी दोन शब्द सुनावले असते तर मी भांडलो तरी असतो. कपाट उघडायला मी उठलो नाही आणि पुन्हा कुणी विचारलंही नाही.

लखमी थोड्या वेळाने उठली. "येते, शेठ," म्हणाली. तुला ती ताय म्हणायची आणि मला शेठ, याचं मला कधी काही वाटलं नव्हतं. कागदी कप तिने तुझ्या अंगणात टाकला नाही. दुमडून कमरेला खोचला आणि तशीच गेली.

सात दिवस संपले तसा मी गाडी काढून झरीला गेलो. एकटाच. मनात सगळं जुळवून ठेवलं होतं, रस्ताभर वाक्यं म्हणत होतो. लखमीच्या घरी तिची सून होती, भाऊ होता, शेजारच्या दोघीतिघी येऊन बसल्या. मला प्लास्टिकची खुर्ची दिली, एकच होती. सुनेने गवती चहा टाकलेला कोरा चहा आणला. बाकी सगळ्यांना स्टीलच्या पेल्यांतून आणि मला बशीसकट कपातून, कपावर गुलाबाची फुलं. घरातली ती एकच कपबशी असणार.

मला वाटलं, हीच ती संधी. मी कप मागे सारला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "मला कप नको. तुम्ही घेताय त्यातूनच द्या."

शेजारणींनी सुनेकडे बघितलं. त्या मुलीने कप उचलला, आत बघितलं, कड बघितली, आणि मोरीकडे जाऊन राखेने घासायला लागली. तिला वाटलं मला तो घाण वाटला. तिच्या घरात, तिच्या माणसांसमोर, चांगुलपणा दाखवायच्या नादात मी तिची मान खाली घालायला लावली. मी "नाही नाही, तसं नाही" म्हणत राहिलो आणि ती जास्तच जोरात घासत राहिली. शेवटी लखमीच म्हणाली, "आण गं त्यांचा चाय. थंड होल." मी त्या कपातून चहा प्यालो. चांगला झालाय म्हणालो. हज्जनसाहेबांनी त्या दिवशी केलं ते किती अवघड होतं, ते तेव्हा समजलं.

तू हे कसं करायचीस, ताई? तू कधी कुणाला सांगत नव्हतीस की बघा, मी तुमच्याच ग्लासातून पिते. तुझ्या घरात एकाच जातीचे ग्लास होते, संपलं. ते एवढं सोपं असेल असं मला वाटलं नाही, म्हणून मी गोष्टच तेवढी पाठ करून ठेवली.

लखमी मला गाडीपर्यंत पोचवायला आली. आजूबाजूला कुणी नव्हतं, बांधावर एक बकरी होती फक्त. पाठ केलेली वाक्यं मी सोडून दिली. म्हणालो, "लखमी, ताईच्या घरी त्या दिवशी मी तुला बाहेर ठेवलं, कागदी कपातून चहा दिला. चुकलं माझं. आताही चुकलं."

तिने पदर खांद्यावर ओढून घेतला. मला वाटलं, म्हणेल जाऊ द्या शेठ, काय एवढं. इथे सगळे तसंच म्हणतात, आणि ते ऐकून मोकळं व्हायचं अशी माझी तयारीही होती.

"मना राग आला होता," ती म्हणाली. "तायचां सगलां मी केलां. आन तुमच्यातला एक पन मना बोलला नाय, आत ये."

"आता गेला का राग?"

तिने खरंच विचार केला. आपण विचारल्यावर कुणी इतका वेळ घेऊन उत्तर देतं, याची मला सवय नाही.

"नाय," म्हणाली. "जाल. आजून नाय गेला."

मी मान हलवली आणि गाडी सुरू केली. तलासरीचा फाटा येईपर्यंत मला फार वाईट वाटत होतं, आणि त्यातच कुठेतरी बरंही वाटत होतं. मला खरं उत्तर देण्याइतकी तिने माझी पत्रास ठेवली होती. तू तिच्याशी इतकी वर्षं खरं बोललीस म्हणूनच ती मला खरं बोलू शकली असेल. तुझ्यामागे मला मिळालेलं हे एवढंच, आणि तेही तू लखमीजवळ ठेवून गेलेलं.

तुझी माफी मी मागत नाही. तुझ्याच शास्त्राप्रमाणे ती तू द्यायची नाहीच, लखमीनेच द्यायची. वखारीच्या खिडकीतले ग्लास काढले, पण कुणाला काही सांगितलं नाही. एका व्यापाऱ्याने विचारलं, कपबशा फुटल्या वाटतं? मी हो म्हणालो.

महिन्याच्या मलिद्याला, तुझ्या नावाने गोड पोह्यांचा प्रसाद वाटायचा त्या दिवशी, लखमी पोहे घेऊन येणार आहे, तिच्या शेतातल्या भाताचे. मी तिला निरोप पाठवला आहे की आतच ये. चहा मी करीन, बिघडेल बहुधा, पण हिरव्या ग्लासांतून देईन आणि टवका उडालेला मी घेईन. सगळे गेले की तिला पुन्हा विचारीन. ती नाय म्हणाली तर पुढच्या महिन्यात झरीला जाईन, आणि त्याच्या पुढच्याही. मी मोजत नाहीये, ताई.